फेस न आलेली माती

आमच्या जालना जिल्ह्यात शेतात चुना टाकायचा नसतो. धान्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत माझी माती-पाणी तपासणीची छोटी प्रयोगशाळा आहे, आणि तिथल्या खुर्चीत बसून मी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं आहे की समोरचा माणूस पायरी चढतानाच ते माझ्या तोंडात तयार असायचं. एकदा मात्र हे वाक्य मी अशा शेताबद्दल बोललो, ज्याला चुनाच हवा होता. त्यामुळे किसन नावाच्या एका कष्टाळू माणसाला त्याच्या भावकीनं आळशी ठरवलं. दिवाळी अंकासाठी व्यवसायातल्या गमतीजमती लिहा असं संपादकांनी सांगितलं. गमती पुष्कळ आहेत, त्याही लिहितो. पण किसनला वगळून लिहिलं तर ती लबाडी होईल.

आधी चुन्याचं सांगतो, कारण बाहेरच्या वाचकाला ते चमत्कारिक वाटेल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पाऊस इतका पडतो की जमिनीतला चुना धुऊन जातो आणि माती आंबट होते. आंबट मातीत मुळं नीट वाढत नाहीत, टाकलेलं खतही पिकाला पुरतं लागू पडत नाही. तिथं चुनखडीची भुकटी टाकली की आंबटपणा मोडतो आणि पीक उभं राहतं. आमच्याकडे उलटं आहे. पाऊस कमी, माती काळी, आणि चुना तिच्यात जन्मापासून. विहीर खणायला घेतली की पुरुषभर खोलीवर पांढरे खडे लागतात. हा चुना जास्त झाला की मातीतलं लोह अडकून पडतं आणि मोसंबीची पानं पिवळी पडतात, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या. अशा जमिनीत आणखी चुना टाकणं म्हणजे उसाच्या रसात साखर घालणं.

हे तपासायची सोपी रीत आहे. मातीवर पातळ आम्लाचे दोन-चार थेंब टाकायचे. चुना असेल तर सोड्याच्या बाटलीसारखा फेस येतो. आमच्या मातीला असा फेस येतो की लहान-थोर सगळे खूश होतात. दुसरं यंत्राचं काम. माती पाण्यात ढवळून त्यात यंत्राची काचेची नळी बुडवायची, ते आकडा सांगतं. सात म्हणजे मधोमध, आंबटही नाही आणि आंबटाच्या उलटही नाही. सातच्या खाली गेलं की माती आंबट. आमचा जिल्हा आठच्या आसपास. कुणी भोकरदनची माती आणो की अंबडची, आठ, सव्वाआठ, आठला थोडं कमी. रोज उठून तेच.

गिऱ्हाइकं मात्र रोज वेगळी. मातीचा नमुना कसा घ्यायचा ते मी कागदावर चित्र काढून सांगतो. शेतात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे करायचे, सगळ्यांतली माती घमेल्यात एकत्र करायची, ढीग करून त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत अर्धा किलो उरवायची. ऐकताना सगळे मान हलवतात. घरी जाऊन शेतातली सगळ्यात देखणी माती आणतात. आमच्याकडे माती तपासायला नेणं म्हणजे मुलगी दाखवायला नेण्यासारखं आहे. जे आहे ते नाही दाखवायचं, जे बरं आहे ते दाखवायचं. हसनाबादचे एक काका गोठ्यामागच्या लिंबाखालची माती घेऊन आल्ते, तीही पेढ्यांच्या खोक्यात. अहवाल बघून खूश झाले. मी म्हटलं, "काका, ही तर उकिरड्याची माती वाटती." ते म्हणाले, "मंग काय कडंची आणू? शहरात दाखवायची म्हणल्यावर जरा चांगली नको का?"

दुसरे एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी एकाच शेताची, एकाच खड्ड्यातली माती दोन पिशव्यांत भरून आणली, दोन गट नंबर लिहिले आणि माझी परीक्षा घेतली. दोन आकड्यांत थोडा फरक आला. तेवढा येतोच, यंत्र आहे, देव नाही. पण मास्तरांनी भर दुपारी गल्ली जमा केली. "एका आईची दोन लेकरं, अन् याला दोन बाप दिसून राह्यले!" लोक हसले, मीही हसलो. पण त्या दिवसापासून माझ्या हाताला एक खोड लागली. आकडा आला की तो लिहिण्याआधी मी मनाशी विचारायला लागलो, हा शोभेल का? शेजारच्या शेताशी जुळतो का? थोडा पुढे-मागे असला तर मी त्याला ओढून ओळीत बसवू लागलो. त्याला मी अनुभव म्हणत होतो.

कौसाबाई आली ती पेरणीच्या तोंडावर. तेव्हा माझ्याकडे पिशव्यांचा ढीग असतो, बसायला जागा नसते. चाळिशीची, उन्हानं रापलेली बाई. एमआयडीसीच्या कडेला, नाल्याला लागून त्यांचं शेत. घराणं मेंढ्यांमागे फिरणारं. सासऱ्यानं मेंढरं विकून ही जमीन घेतली, घराण्यातली पहिलीच. सासरा गेल्यावर दोन भावांत वाटणी झाली. थोरला रंगनाथ, त्याच्याकडे वरची बाजू. धाकटा किसन, म्हणजे कौसाबाईचा नवरा, त्याच्याकडे नाल्याकडची.

"सर, शेतात चुना टाकू का?" तिनं पिशवी ठेवायच्या आधीच विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"जावई सांगून राह्यले. तेंचे दोस्त हायेत रत्नागिरीकडं. ते टाकत्यात म्हणं दरसाली."

मी हसलो. शेजारी बसलेले दोघंही हसले. "ताई, जावयाला म्हणावं तुमचं कोकण तुमच्याजवळ ठेवा. आपल्या मातीत चुनाच चुना आहे."

"असंल सर. पर नाल्याकडच्या पट्ट्यात काहीच येत न्हाई. सोयाबीन उगवतं अन् चार पानांवर बसतं. उपटून पाह्यलं तर मूळ जळालेल्या वातीवानी. मालक दोन-दोनदा पेरत्यात. भाया म्हणत्यात, याच्या हाताला कष्टच न्हाई."

भाया म्हणजे थोरला दीर. मग तिनं पिशवी उघडली. "जिथं काहीच येत न्हाई तिथलीच आणली बरं का."

"सगळे चांगली आणतात, तुम्ही वाईट आणली?"

"दवाखान्यात दुखतं तेच बोट दाखवत्यात ना सर?"

इतक्या वर्षांत मला कुणी असा नमुना आणून दिला नव्हता. मी तिचं कौतुक केलं, आणि तपासताना तिचाच नमुना खोटा धरला.

झालं असं. मी मातीवर आम्लाचे थेंब टाकले, फेस आला नाही. मला वाटलं, बाटली जुनी झाली, आम्ल उतरलं असेल. माती पाण्यात ढवळून नळी बुडवली, यंत्रानं पाचच्या जरा वरचा आकडा दाखवला. जालन्याच्या काळ्या मातीला पाच! मी यंत्राला शिवी दिली. नळी धुतली, पुन्हा बुडवली, पुन्हा तेच. बाहेर माणसं ताटकळली होती. एक जण आत डोकावून म्हणाला, "सर, जल्दी करा, बस चुकती." मी कौसाबाईच्या अहवालावर आठच्या वरचा, ओळीत शोभणारा आकडा लिहिला आणि खाली नेहमीचं वाक्य: जमीन पिकास योग्य, चुना वापरू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या द्रावणात बुडवून यंत्र तपासलं. ते बिलकुल ठीक होतं. नवी आम्लाची बाटली फोडायला गेलो तर जुनीनंही बाकीच्या मातींना भरपूर फेस येत होता. म्हणजे यंत्र खरं, आम्ल खरं. तरी मी मनाची समजूत काढली. पिशवी खताची असेल, लोणच्याची असेल, काहीतरी सांडलं असेल. बाईला पुन्हा नमुना आणायला सांगायला हवं होतं. तिचा फोन नंबर अर्जावर होता. पेरणीची धामधूम होती, मी फोन केला नाही. धामधूम संपली तेव्हाही केला नाही.

तो अहवाल घरी गेल्यावर काय झालं ते मला नंतर कळलं. किसनचं म्हणणं होतं की वाटणीत आपल्याला खराब जमीन आली, थोडी अदलाबदल करावी. भावकी बसली. रंगनाथनं माझा अहवाल वाचून दाखवायला लावला. मग म्हणाला, "जमिनीत खोट न्हाई असं मातीवाल्या सरांनी लिहून दिलंय. मंग खोट कुठंय? हातात." लोक हसले. त्यातल्या कुणीतरी किसनला 'आरामशेठ' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. गावात असं नाव एकदा चिकटलं की ते माणसाच्या पुढे चालतं. लग्नात पंगतीला बसला की "आरामशेठ, वाढपी पाठवू का?" ट्रॅक्टर मागायला गेला की "आरामशेठ, उठलात का?" किसन पुढच्या हंगामात शेतात उतरला नाही.

हे मला समजलं ते जवळजवळ वर्षानं. एमआयडीसीत बियाण्याच्या एका कारखान्यात बोअरचं पाणी तपासायला गेल्तो. दुपारची सुट्टी झाली होती. गोदामाच्या सावलीत हमाल डबे उघडून बसले होते. त्यातला एक ओरडला, "आरामशेठ, पाण्याचा जग आणा की, का आम्ही पंखा घालू तुम्हाला?" एक उंच, वाळका माणूस उठला आणि जग घेऊन आला. सकाळपासून मी खिडकीतून पाहत होतो. सगळ्यांत जास्त पोती त्यानंच वाहिली होती. येता येता तो माझ्यापाशी थांबला.

"मातीवाले सर ना तुम्ही? आमची कौसा आल्ती तुमच्याकडं माती घिऊन. नाल्याकडची."

मला ती पिशवी लगेच आठवली. विसरलेलीच नव्हती. "शेत कसं आहे?" मी विचारलं.

"कौसा बघती. म्या सोडलं. माझ्या हाताला येत न्हाई सर ते." त्यानं तळहात माझ्यापुढे धरले. घट्टे पडलेले, फुटलेले हात. "तुम्ही लिहून दिल्यावर म्या लई विचार केला. बापानं मेंढरं इकून जमीन घेतली. भाऊ पिकवतो, म्या न्हाई पिकवू शकत. कुणाकुणाच्या हाताला न्हाई येत माती. आसंल तसंच."

त्यानं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यानं ते मान्य करून टाकलं होतं. मी तिथंच सांगायला हवं होतं, पण आजूबाजूला माणसं होती, असं मी स्वतःला सांगितलं. "मी उद्या तुमच्या शेतावर येतो," एवढंच म्हणालो. आणि पाण्याच्या बाटल्या गाडीला अडकवून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्लाची बाटली घेऊन गेलो. शेतावर कौसाबाई एकटीच खुरप्यानं धसकटं काढत होती. आम्ही वरच्या बांधापासून सुरुवात केली. भावकीच्या बैठकीत काय झालं ते तिनंच चालता चालता सांगितलं. थेंब टाकला, फस्सकन फेस. दहा पावलं खाली, फेस. आणखी खाली, थोडा कमी. नाल्याकडच्या पट्ट्यात शिरलो तसे बुडबुडे एखाद-दुसरे राहिले. आणि जिथली माती तिनं मला आणून दिली होती, तिथं थेंब पडला, ओला डाग पडला आणि बसला. काही नाही. मी तीन-चार ठिकाणी टाकून पाहिलं. कौसाबाई माझ्या बाटलीकडे आणि माझ्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होती.

"ताई, तुमची माती बरोबर होती. माझ्या यंत्रानं खरं सांगितलं होतं. मी त्याला खोटं समजलो आणि माझ्या मनानं आकडा लिहिला."

तिनं खुरपं पदरात पुसलं. मग म्हणाली, "म्हंजी चुना टाकायला पायजे होता?"

"हो."

"जावयाला काही कळत न्हाई बरं का सर," ती म्हणाली. "ते तर मोसंबीला बी चुना टाका म्हणत्यात." आणि ती हसली. हसता हसता तिनं तोंडाला पदर लावला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

मी म्हटलं, भावकीसमोर बोललं गेलं ते भावकीसमोरच पुसलं पाहिजे. माणसं जमवा, मी शेतातच सांगतो. पुढच्या साप्ताहिक सुट्टीला किसन आला. रंगनाथ आला, पांढरा सदरा, हातात काठी. भावकीतले चार-पाच जण आले. त्यांना वाटलं असावं, सर आता किसनला शेती शिकवणार. एकानं बांधावर बसता बसता टोमणा टाकलाच, "आरामशेठला उभं ठेवू नका सर, पाय दुखतील."

मी पुन्हा वरून खाली थेंब टाकत आलो. फेस बघायला माणसं वाकत होती. पट्ट्यात आल्यावर फेस थांबला तशी ती आणखी खाली वाकली. मग मी जे घडलं ते सरळ सांगितलं. यंत्र पाच सांगत होतं, मी आठ लिहिलं. ही माती आंबट झालेली आहे. इथं कुणीही पेरलं असतं तरी हेच झालं असतं. खोट किसनच्या हातात नव्हती, माझ्या अहवालात होती.

"पर काळी माती आंबट होतीच कशी?" रंगनाथनं विचारलं.

ते मलाही पुरतं कळलं नव्हतं. मी म्हटलं, बाहेरून काहीतरी आलं असणार, आणि एका वर्षात नाही, बरीच वर्षं. आमच्या मातीतला चुना सहज संपत नाही. आम्ल त्याला थोडं थोडं खात राहतं, आणि सगळा खाऊन झाला की मग माती उघडी पडते. नाल्याच्या वरच्या अंगाला काही होतं का?

रंगनाथ काठी टेकून नाल्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "लोखंडी तारा तेजाबानं धुवायचं शेड होतं. कधीच बंद पडलं, पत्रे बी गेले. तव्हा पावसाळ्यात नाल्याला तांबूस पाणी यायचं अन् इथवर पसरायचं. मेंढरं त्या पाण्याला तोंड लावायची न्हाईत. इथलं गवत बी सोडून पुढं जायची." त्यानं काठीनं पट्टा दाखवला. "म्याच हाकायचो तव्हा मेंढरं. मला म्हाईत होतं."

कौसाबाई भायाशी थेट बोलत नाही, त्या घरात तशी रीत नाही. तिनं पदर सावरून माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "सर, सांगा तेंना. मेंढराला कळलं ते माणसाला वाटणी करताना आठवलं न्हाई का, इचारा."

मी काय विचारणार? सगळ्यांनी ऐकलंच होतं. मी किसनकडे वळलो. हात जोडले, माफी मागितली. त्याला ते अवघड झालं. तो माझे हात खाली करत म्हणाला, "तुमचं ठीक हाय सर. तुम्ही मला कुठं वळखत होते? आकडा चुकला, चुकतो." मग भावाकडे न पाहता म्हणाला, "पर दादा मला चाळीस वर्सं पाहून राह्यला. त्यानं तुमच्या कागदाला बराबर मानलं अन् मला न्हाई."

 खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं जरा हललं. दोष दुसरीकडे सरकला म्हणून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आज, चुकीपेक्षाही, जास्त लाज वाटते.

आता उपायाचं बोलायला हवं होतं. चुना विकत आणायची गरज नव्हती. रंगनाथच्या वरच्या बाजूला बांधालगत पांढऱ्या मातीचा थर उघडा पडला आहे, भुसभुशीत, चुन्यानं भरलेला. तिथं त्याची तूरही धड येत नाही. ती पांढरी खणून, खडे चाळून, तिचा बारीक भाग पट्ट्यात पसरला की काम होईल. एकाची अडचण दुसऱ्याचं औषध. मी हे उत्साहानं बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की मी काय मागतोय. आमच्याकडे शेतातली माती सहसा कुणाला देत नाहीत. मातीबरोबर बरकत जाते म्हणतात. माझ्याकडे नमुना दिलेले काही म्हातारे तपासणी झाल्यावर उरलेली माती परत मागून नेतात. आणि इथं वाटणी झालेली, वर त्या वाटणीवरूनच सगळं बिनसलेलं.

रंगनाथनं तोंड उघडायच्या आत किसन म्हणाला, "मला कुणाच्या वाटणीतलं काही नको." चप्पल पायात घातली, सायकल उचलली आणि एमआयडीसीच्या रस्त्याला लागला.

माणसं उठून गेली. मी घरी आलो आणि ठरवलं की आपण स्वतः कुठून तरी चुनखडीची भुकटी मिळवून द्यावी. चार दिवस चौकशी करत होतो. पाचव्या दिवशी कौसाबाईचा फोन आला. "सर, या. किती टाकायची ते सांगा. भाया पहाटपास्नं खंदून राह्यलेत."

गेलो तर रंगनाथ बांधाखाली कमरेइतक्या खड्ड्यात. सदरा काढून ठेवलेला, अंग पांढऱ्या धुळीनं माखलेलं. खणायचा, बांधकामाच्या चाळणीवर टाकायचा, खडे बाजूला, भुकटी ट्रॉलीत. साठीचा माणूस. मी म्हटलं, "मजूर लावा की." तो म्हणाला, "मजुरानं कसं भागल? सर, लोकांनी पाह्यलं पायजे ना, हे कोण करून राह्यलं." भावकीतला तोच टोमणा मारणारा माणूस रस्त्यानं चालला होता. त्यानं विचारलं, "काय रंगनाथराव, वाटणीतली माती खाली चालली? बरकत जाईल की." रंगनाथ फावड्यावर हात ठेवून सरळ उभा राहिला. "गेली तर जाऊ दे," तो म्हणाला. "किसनला आळशी म्हणणारा पहिला म्या होतो. आता पुन्हा कुणी म्हणलं तर माझ्याशी गाठ हाय. जा, सांग गावात."

मी या वेळी मनानं काही लिहिलं नाही. पट्ट्याचे निरनिराळे नमुने घेतले, पांढरीचेही घेतले, प्रत्येक दोनदा तपासला, आणि कुठं किती पसरायची ते जागेवर काठीनं रेघा मारून दाखवलं. कौसाबाई घमेल्यानं पसरत होती, रंगनाथ ट्रॉली रिकामी करत होता. ती त्याला काही सांगायचं असलं तर मला सांगे, मी नसलो तर बांधावर बांधलेल्या वखराच्या बैलाला सांगे. "सरक रं, इकडं कमी पडली," ती बैलाला म्हणायची आणि रंगनाथ त्या बाजूला एक फावडं जास्त टाकायचा. मग वखराच्या पाळ्या दिल्या, पांढरं काळ्यात मिसळलं.

किसन रोज त्याच रस्त्यानं कामावर जात-येत होता. सायकलवरून उतरत नव्हता.

अशी माती लगेच सुधारत नाही. पांढरी हळू काम करते, तिला पाऊस लागतो, वेळ लागतो. हे मी शेतकऱ्यांना नेहमी सांगतो आणि ते नेहमी विचारतात, "यंदा दिसल का?" पावसाळा गेला, पट्ट्यात रब्बीची ज्वारी पेरली. ती उगवली. चार पानांवर बसली नाही. एकसारखी मात्र नव्हती. मध्ये गुडघ्याच्या वर, कडेला खुरटी, कुठं कुठं टक्कल.

माझ्या धंद्यातही एक बदल झाला. आता आकडा विचित्र आला की मी शेतकऱ्याला बोलावून म्हणतो, मला हे कळत नाही, चला, शेत बघू. त्यात वेळ जातो. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. त्यांना पटकन सांगणारा माणूस हवा असतो. 'आरामशेठ' हे नाव गावातून पुरतं गेलंय असंही नाही. मोठी माणसं म्हणत नाहीत. पोरं खेळताना म्हणतात, त्यांना ते कुणाचं हेही माहीत नसावं.

ज्वारी पोटरीत येत होती तेव्हा मी नमुने घ्यायला पुन्हा गेलो. संध्याकाळ होत आली होती. रंगनाथ आणि मी पट्ट्यात उभे होतो, कौसाबाई पलीकडे गवत काढत होती. एमआयडीसीची पाळी सुटली होती, सायकलींची रांग रस्त्यानं येत होती. त्यातली एक सायकल बांधाशी थांबली. किसननं ती बाभळीला टेकवली आणि तो ज्वारीत शिरला. आमच्याकडे आला नाही. कडेच्या खुरट्या पट्ट्यात गेला, वाकला, एक ताट मुळासकट उपटलं, माती झटकली आणि मूळ डोळ्यांपुढे धरून पाहत राहिला. मग मधलं एक ताट उपटलं, तेही पाहिलं. दोन्ही हातांत दोन ताटं घेऊन तो आमच्या दिशेनं चालत आला. रंगनाथनं डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

किसननं ती दोन मुळं माझ्यापुढे न धरता भावापुढे धरली.

"दादा, कडंला पांढरी कमी पडली," तो म्हणाला. "पुढल्या साली कडंनं दोन ट्रॉल्या जास्त वढू. खंदायला म्या येतो."